केसपेपरवरचा शेरा

गेल्या आषाढात एका तज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्या केसपेपरवर ‘चिंताग्रस्त रुग्ण’ अशा अर्थाचा जो दोन शब्दांचा इंग्रजी शेरा मारला, तो पुढे सर्व तपासण्या होऊन शरीरात कर्करोगाचा मागमूस नाही असे निष्पन्न झाल्यानंतरही माझ्या मनात सलतो आहे.

गुदाशयाचा कर्करोग, पाच आठवड्यांचे किरणोपचार व त्यासोबत कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, नंतर शस्त्रक्रिया, पोटावरची तात्पुरती पिशवी, केमोथेरपी आणि अखेरीस ती पिशवी काढून आतडे पूर्ववत जोडणे, हा क्रम ज्यांच्या घरात हा रोग येऊन गेला त्यांच्या परिचयाचाच आहे. मात्र एक गोष्ट नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. अगदी आरंभी जेव्हा रक्त पडू लागले, तेव्हा ते मूळव्याधीचे ठरवून कित्येक महिने मला मलम आणि इसबगोल यांवर ठेवण्यात आले होते, आणि ज्या साध्या बोटाच्या तपासणीने खालच्या भागातील गाठ हाताला लागू शकते, ती तपासणी त्या अवधीत कोणीही केली नव्हती.

उपचारांनंतर तळव्यांचा बधिरपणा कायम राहिला. गुदाशयाचा बराचसा भाग गेल्यामुळे सकाळच्या प्रहरात पुनःपुन्हा शौचास जावे लागे आणि एसटीचा प्रवास उपाशीपोटीच करावा लागे. एवढे मी स्वीकारले होते. परंतु एके सकाळी शौचकूपाच्या पांढऱ्या भांड्यात लाल रेघ दिसली, पुढे बुळबुळीत स्रावात मिसळलेले रक्त दिसू लागले, आणि थोड्याच दिवसांत घाईची भावना होऊन रक्ताखेरीज काहीच न पडण्याची अवस्था आली. पत्नीला सांगण्याचे धैर्य मला होईना, धुण्यात टाकलेल्या लेंग्यावरून तिनेच ते ओळखले आणि एवढेच म्हणाली, “अहो, उद्याच्या पहिल्या गाडीने पुण्याला जायचं.”

बाह्यरुग्ण विभागात दुपार टळेपर्यंत तिष्ठल्यावर आमची पाळी आली. तारीखवार लिहून नेलेली वही मी टेबलावर ठेवली. ती उघडली गेली नाही. डॉक्टरांची दृष्टी संगणकावर खिळलेली होती. रक्तातील सीईए हा कर्करोगदर्शक आकडा मर्यादेत आहे, मागचा सीटी स्कॅन स्वच्छ आहे, असे सांगून ते म्हणाले, “काका, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर थोडंफार रक्त जायचंच. मनातून काढून टाका. पुढची तारीख दिलेली आहे ना, तेव्हा बघू.” “पण डॉक्टर, पहिल्या वेळीही आम्हांला असंच सांगितलं होतं,” हे पत्नीचे वाक्य पुरे होण्यापूर्वी पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले होते. बाहेर येऊन केसपेपर पाहिला, तो तपासणीची जागा कोरी होती आणि तिच्याखाली तेवढा शेरा होता.

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून माझी हयात गेली आहे, आणि प्रकरणावर एकदा प्रतिकूल शेरा पडला की त्यानंतरचा प्रत्येक अंमलदार अर्जदाराची कैफियत वाचण्यापूर्वी तो शेरा वाचतो, हे मी फार जवळून पाहिले आहे. येथेही तेच घडले. दुर्बिणीच्या तपासणीसाठी लवकरची तारीख मागावयास गेलो, तेव्हा तेथील साहाय्यकाने कागदावरून नजर फिरवली, “घाबरू नका, आजोबा,” म्हटले, आणि तातडीच्या यादीत नाव घालण्यास नकार दिला. रक्त माझ्या शरीरातून पडत होते आणि दफ्तरी नोंद मात्र माझ्या स्वभावाची झाली होती. ज्या लक्षणाने एकदा मृत्यूच्या उंबरठ्यापर्यंत नेले तेच लक्षण पुन्हा दिसल्यावर माणसाला वाटणारी भीती ही अनुभवाने दिलेली साक्ष आहे, आणि साक्ष आधी नोंदवून घ्यावयाची असते. सीईए मर्यादेत असूनही रोग उलटू शकतो, आणि उलटण्याचा संभव पहिल्या दोन-तीन वर्षांतच अधिक असतो, हे काही गुपित नव्हे.

साताऱ्यातील एका तरुण पोटविकारतज्ज्ञ बाईंनी मात्र ती वही पहिल्या पानापासून वाचली, बोटाने तपासले आणि विनाविलंब दुर्बिणीची तजवीज केली. पडद्यावर उरलेल्या गुदाशयाचे अस्तर फिकट दिसत होते आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या सूक्ष्म वाहिन्या पसरल्या होत्या. किरणोपचारांमुळे अस्तराचा रक्तपुरवठा हळूहळू क्षीण होतो, त्या जागी नाजूक वाहिन्या उगवतात आणि मलाच्या साध्या घर्षणानेही त्या फुटतात. ही विकृती उपचारानंतर वर्षा-दोन वर्षांनीसुद्धा प्रकट होते, असे त्यांनी समजावून सांगितले. आतड्याच्या जोडावर गाठ नव्हती. किरण लागलेल्या अस्तराचा तुकडा काढला तर जखम सहजासहजी भरत नाही, म्हणून बायॉप्सीही त्यांनी टाळली. सुक्राल्फेटचा एनिमा सुरू झाला. रक्त न थांबल्यास आर्गॉन वायूच्या साहाय्याने त्या वाहिन्यांना डाग द्यावयाचे ठरले होते, पण तशी वेळ आली नाही.

“म्हणजे पुण्याचे डॉक्टर म्हणत होते तेच खरं,” असे आप्तांपैकी काहींनी म्हटले. मला हे मुळीच मान्य नाही. रोग नाही हे तपासल्यावर कळले, आणि त्यांनी तपासलेच नव्हते. तथापि हेही लिहिले पाहिजे की, माझी गाठ त्याच डॉक्टरांनी काढली होती, शेरा मारला त्या दिवशी त्यांच्या दालनाबाहेरची रांग जिन्यापर्यंत पोहोचली होती, आणि त्यांच्यावरचा राग तसाच असताना पुढच्या तपासणीला मी त्यांच्याकडेच जाणार आहे. अन्य कोणाच्या हाती हे पोट सोपवण्यास मन धजत नाही.

ज्यांचे उपचार पुरे झाले आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नव्याने रक्त दिसले, वजन घटू लागले अथवा शौचाची रीत बदलली, तर दिनांकासह लिहून ठेवा, बोटाची आणि दुर्बिणीची तपासणी स्पष्ट शब्दांत मागा, आणि ती नाकारली गेली तर नकाराचे कारण केसपेपरवर लिहून मागा.