गोगलगाईंचें पाणी

शुद्ध पाणी कशास म्हणावें, हा प्रश्न आमच्या घरांत कधींच वादाचा नव्हता. गाळून घेतलेलें आणि रात्रभर तांब्याच्या हंड्यांत झांकून ठेवलेलें तें शुद्ध, ही मातोश्रींची व्याख्या. तीच आम्हां सर्वांची. ती चार गोगलगाईंनीं मोडली.

त्या घरांत आणल्या आमच्या धाकट्या पुतण्यानें. मूळच्या दक्षिण अमेरिकेंतील, पिवळ्या शंखांच्या या जीवांस त्यानें कांचेच्या टांकींत ठेविलें. सोंडेसारखी नळी पाण्याबाहेर काढून त्या हवा घेत, तें पाहावयास मुलें संध्याकाळीं जमत. मातोश्रींनीं प्रथम नाक मुरडलें. पुढें त्याच रोज सकाळीं चौघींची हजेरी घेऊं लागल्या.

दोन महिन्यांत शंखांचीं टोकें पांढुरकीं होऊन झिजूं लागलीं. पुतण्या टांकींत आर.ओ. यंत्राचें पाणी घालीत होता. त्या यंत्रांत पाण्यांतील बहुतेक क्षार निघून जातात. शंख मुख्यतः चुनखडीचा. पाणी आम्ल झालें कीं तो विरघळूं लागतो, आणि नवा घडविण्यास लागणारें कॅल्शियम अशा पाण्यांत जवळजवळ नसतेंच. आम्ही हा उलगडा करीत होतों, तोंच मातोश्रींनीं आपल्या परीनें उपचार केला. "बिचाऱ्यांना चांगलें पाणी मिळूं दे," म्हणून त्यांनीं हंड्यांतील पाणी टांकींत ओतलें. दुसऱ्या दिवशीं चौघीही शंखाचें दार लावून तळाशीं पडल्या. आम्हीं तातडीनें पाणी बदललें. तरी दोघींनीं दार पुन्हां उघडलें नाहीं.

माणसास तांबें अल्प प्रमाणांत हवेंच असतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २ मिलिग्रॅमपर्यंत तें चालतें, असें जागतिक आरोग्य संघटना मानते. गोगलगाईस मात्र त्याहून पुष्कळ कमी तांबेंही विषासमान होय. शिवाय हंड्यांतही यंत्राचेंच पाणी होतें. असें क्षारहीन पाणी तांबें अधिक ओढून घेतें.

हें मातोश्रींस सांगावें कोणीं? दोन दिवस आम्हीं टाळलें. अखेर त्यांनींच विचारलें, तेव्हां सर्व सांगितलें. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग त्यांचें शुद्ध कोणतें, तें तरी सांग." चुनखडीचें नांव निघतांच त्यांनीं औषधांचा बटवा उघडून समुद्रफेणाचा तुकडा पुढें केला. "हा चालेल?" समुद्रफेण म्हणजे एका सागरी प्राण्याचें अंतःकवच. तो प्राणीही गोगलगाईच्याच मृदुकाय कुळांतला, आणि कवचही मुख्यतः चुनखडीचेंच! उत्तम चालणार होता.

तेव्हांपासून आमच्याकडे नियम असा. नळाचें पाणी दिवसभर बादलींत उघडें ठेवावें, म्हणजे त्यांतील क्लोरीन उडून जातो. आठवड्यास टांकींतील चौथा हिस्सा पाणी बदलावें. उरलेलें अन्न काढून टाकावें. तें कुजून अमोनिया होतो. पी.एच. ७ ते ८ च्या दरम्यान राखावा. माशांच्या कित्येक औषधांत तांबें असतें; तीं या टांकींत घालूं नयेत. पाणी कांठोकांठ न भरतां वर हवेस जागा ठेवावी, व झांकण लावावें.

उरलेल्या दोघी आज सुखरूप आहेत. शंखांचीं झिजलेलीं टोकें भरून येत नाहींत; पण तोंडाकडील नवी कड गुळगुळीत व घट्ट निघाली आहे. हंडा जागच्या जागीं आहे आणि आम्ही त्यांतलेंच पाणी पितों. मात्र टांकीशेजारच्या बादलीस हात लावण्यापूर्वीं मुलें आजीस विचारतात. आतां तें पाणी शुद्ध कीं अशुद्ध, हें त्याच ठरवितात.