उतारू

कल्याण गावावरून ज्याची गाडी गेली नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा, आणि त्या गावात उतरून ज्याने ते पाहिले असा माणूसही विरळाच! १८५४ साली ठाण्याहून रूळ इथवर आले. पुढे त्यांना दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. तेव्हापासून पुण्या-नाशकाच्या उतारूला ‘कल्याण आले’ याचा अर्थ एवढाच, की आता फळीवरचे सामान खाली काढा, मुंबई जवळ आली. मीही गेली बारा वर्षे असाच सामान काढणारा. फरक एवढाच, की गाडी कल्याणला थांबली की मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरीत असे.

कारण मी तिथलाच. पारनाक्याजवळच्या एका वाड्यात माझा जन्म झाला. पुढे वाडा पाडून इमारत बांधायचे ठरले, आमचा वाटा विकला गेला, आणि मी आईला घेऊन वाईला आलो. तिथे माझी शाळा, माझ्या कादंबऱ्या, माझा संसार. आईने तक्रार केली नाही. फक्त दिवाळी जवळ आली की म्हणायची, “एकदा कल्याणला नेतोस का रे? अंगणात एक पणती ठेवून येऊ.” मी म्हणायचो, “पुढच्या वर्षी नक्की.” एका वर्षी उत्तरपत्रिका आड आल्या, एका वर्षी कादंबरीची मुद्रिते आणि एका वर्षी तिचेच गुडघे. या ज्येष्ठात ती गेली. यंदा घरात सण नव्हता. प्रकाशकाकडे जायचे म्हणून मी मुंबईला निघालो, तेव्हा तिची एक पणती पिशवीत टाकली आणि तिकीट मात्र कल्याणपर्यंतचेच काढले.

स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये वहीत नाव लिहिताना ‘गाव’ या रकान्यापाशी पेन क्षणभर अडखळले. शेवटी ‘वाई’ लिहिले. बाहेर रिक्षावाल्याने विचारले, “साहेब, पहिल्यांदाच आलात का?” मी ‘हो’ म्हणालो. खोटे बोलल्यासारखे वाटले नाही. दुकानांच्या पाट्या नव्या, इमारती नव्या, माणसांची दाटी अशी की शाळेची वाटही सापडेना.

तसे पाहिले तर परक्यांचे या गावाला नवल नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत इथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. संध्याकाळी दुर्गाडीवर जाऊन बसलो. खाली खाडी संथ पसरली होती. लहानपणी आई इथेच आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगायची. १८६५ साली याच गावात जन्मलेली ती मुलगी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली, परत आली, आणि १८८७ साली पुण्यात वारली. तिची रक्षा पुन्हा समुद्रापार न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी नेऊन पुरली. “पोर कुठली आणि राख कुठं!” असे म्हणून आई डोळ्यांना पदर लावायची. ते आठवले आणि मी चटकन उठलो. आईची रक्षा मी वाईला कृष्णेत सोडली होती.

वाड्याच्या जागी सात मजले उभे आहेत. पहारेकऱ्याने विचारले, “कुणाकडं जायचंय?” या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जिथे तुळशीवृंदावन होते तिथे स्कूटरींची रांग लागली होती. मी पिशवीत हात घालून तसाच उभा राहिलो. इतक्यात तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला, “वहिनींचा धाकटा ना रे तू? वडिलांसारखाच एक खांदा पाडून उभा राहतोस मेल्या!”

आमच्या शेजारच्या काकू! वाड्यातल्या बिऱ्हाडांपैकी त्या एकट्याच इथे राहिल्या होत्या. त्यांनी हाताला धरून आत नेले. आईची बातमी त्यांना कळली होती. मी खाली मान घालून म्हणालो, “काकू, तिला इथं एकदा आणायचं राहून गेलं.”

काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दर एकादशीला तिचा फोन असायचा. पाणी किती वाजता येतं, नाक्यावर फुलं काय भावानं मिळतात, सगळं विचारायची. म्हणायची, ‘मुलाला सवड होत नाही, पण त्याच्या मनात आहे हो.’ तुला नाही कधी बोलली?”

मला ती कधीच बोलली नव्हती. माझी बाजू तिने मांडली होती, आणि तीही माझ्या पाठीमागे.

काकूंनी तेल-वात आणली. उंबरठ्याबाहेर आम्ही दोघांनी पणती लावली. वारा होता, म्हणून पहारेकऱ्याने न सांगता आपली खुर्ची आडोशाला आणून ठेवली.

“उतरलास कुठं?” काकूंनी विचारले.

“लॉजवर.”

“कल्याणात येऊन लॉजवर? ऊठ, आधी सामान घेऊन ये. भाकऱ्या टाकते तोवर.”

लॉजवरचा कारकून किल्ली परत घेताना जरा नाराजीने म्हणाला, “लगेच निघालात? गाव आवडलं नाही वाटतं?”

“तसं नाही,” मी म्हणालो, “घरचं माणूस भेटलं.” आणि वही पुढे ओढून ‘वाई’च्या आधी बारीक अक्षरांत लिहिले, ‘मूळचे कल्याण.’