वजनाचा क्लेम

आरोग्यविम्याचे क्लेम तपासण्यात माझी सारी कारकीर्द गेली. त्यामुळे कुणाच्या आजाराचे पैसे कुणी भरावेत यावर माझी मतं पक्की, जरा कडवीच. त्यातल्या एका मतावर तर मी लग्नाच्या पंगतीतही वाद घालायचो: वजन उतरवण्याच्या ऑपरेशनवर सरकारी पैसा खर्च होता कामा नये. मेळघाटात पोरं कुपोषणाने खंगतात आणि इथे खाऊन सुटलेल्यांची जठरं कापायला करदात्याने पैसे द्यायचे? ‘दीक्षित की दिवेकर’ या डाएटच्या वादावरून घराघरांत रणं पेटली होती तेव्हा मी म्हणायचो, दोन वेळा जेवा नाहीतर दर दोन तासांनी खा, पण काहीतरी पाळा. नितीन गडकरींनी 2011 साली हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही, याचंही मला कौतुक नव्हतं. पुढाऱ्यांना परवडतं, एवढंच म्हणालो.

माझ्या कामातला नियमही माझ्या बाजूने होता. पॉलिसीच्या वगळण्यांत लठ्ठपणा असायचाच, कॉस्मेटिक सर्जरीच्या शेजारी. फाईल आली की दोन ओळींत नाकारायची. मग 2019 साली विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांच्या वगळण्यांची भाषा एकसारखी केली. वजनाचं कलम राहिलं, पण त्याला वाट ठेवली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा किमान 35 असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल, आणि साधे उपाय करून फसले असतील, तर वजनाचं कारण सांगून शस्त्रक्रिया नाकारता येणार नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या आरोग्य योजनेतून ती आधीच मिळत होती. मी कुरकुरलो. पण आता त्या फायली शेवटच्या पानापर्यंत वाचणं भाग होतं.

‘साधे उपाय फसले’ याचा पुरावा म्हणून लोक काय काय जोडायचे! आहारतज्ज्ञाचे तक्ते, जिमच्या पावत्या, निसर्गोपचार केंद्राचं कार्ड, कुठल्याशा काढ्याचं बिल. मी शोधत होतो आळस. सापडत होतं ते उलटंच. वजन उतरलेलं असायचं, कधी दहा किलो, कधी पंधरा. माझं निम्मं आयुष्य पोट आत घेण्यात गेलं, मला तीन किलो जमले नाहीत. पुढच्या एखाद्या कागदावर तेच वजन व्याजासकट परतलेलं दिसायचं. एकाच माणसाच्या फायलीत हे दोन-तीनदा.

का, ते मग मी वाचायला लागलो. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूजर’ नावाची वजन उतरवण्याची टीव्ही स्पर्धा होती. तिच्यातल्या 14 जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि 2016 साली निष्कर्ष छापला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि शरीर मात्र विश्रांतीतही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं: भूक वाढवतं, खर्च कमी करतं. वजन उतरवण्याच्या ‘स्लीव्ह’ नावाच्या ऑपरेशनात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, त्यात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः जिथे तयार होतं तो भागही जातो. मी इतकी वर्षं याला पिशवी लहान करणं समजत होतो. खरा फरक भुकेत पडतो, आणि बऱ्याच मधुमेह्यांची साखर तर वजन फारसं उतरण्याआधीच खाली येते.

आणखी एक गोष्ट टोचली ती हिशेबाची. याच लोकांचे जुने क्लेम आम्ही बिनबोभाट दिले होते: गुडघे बदलले, पायाची जखम चिघळली, अँजिओप्लास्टी झाली. विडी ओढणाऱ्याच्या अँजिओप्लास्टीसाठी ‘सोडायचा प्रयत्न केल्याच्या पावत्या जोडा’ असं मी कधी लिहिलं नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून चार हजारांवर लठ्ठ माणसांचा माग ठेवला गेला. त्यांतल्या शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यू कमी, हे 2007 साली स्पष्ट झालं.

मेळघाटाचा मुद्दा मी सोडलेला नाही. पैसा मोजकाच आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के बायका जादा वजनाच्या आणि 18.7 टक्के हडकुळ्या निघाल्या. लठ्ठपणा फक्त मलबार हिलवर राहतो, ही माझी समजूत गेली. रेशनच्या तांदळावर आणि वडापाववर दिवस काढणाऱ्या बाईलाही तो गाठतो, आणि तिच्याकडे पॉलिसी नसते. जनआरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया व्हावी असं सर्जन म्हणतात तेव्हा मी आता मान डोलावतो. थोडा हात राखून, कारण ते त्यांचं दुकानही आहे.

अटी मात्र आपल्या अंगाच्या हव्यात. 40 आणि 35 हे आकडे 1991 साली अमेरिकेत ठरले. आपल्याकडे मधुमेह कमी वजनातच शिरतो, म्हणून इथले सर्जन ते आकडे निदान अडीचने कमी धरतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला 40 चा बीएमआय गाठायला 96 किलो व्हावं लागतं, 37.5 ला 90. हे सहा किलो वाढवून या, असं तिला सांगायचं का?

मेहुणे म्हणतात, आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली, ऑपरेशन कशाला? इंजेक्शन थांबलं की वजन बहुतेकदा परत चढतं, आणि दर महिन्याचं बिल सरकार किती वर्षं भरणार, हे त्यांनी सांगावं.

माझी खरी धास्ती ऑपरेशननंतरची आहे. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे जन्मभर घ्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं. चुकलं तर पंडुरोग, हाडं ठिसूळ, कधी नसांना कायमची इजा. सरकारी पॅकेज बांधताना दाखल करण्यापासून डिस्चार्जपर्यंतचा खर्च कुणीही मांडेल. पुढच्या गोळ्या आणि तपासण्या त्यात धरलेल्या नसतील, आणि त्या बाईला जिल्ह्याच्या गावी आहारतज्ज्ञ भेटणार नसेल, तर ती फाईल मी आजही परत पाठवीन.