सत्तावन्न नंबरची खोली

आमचा भाचा संगणकांच्या जाळ्यांची डागडुजी करतो. म्हणजे नक्की काय, असे विचारले की म्हणतो, "मामा, लॉजच्या मॅनेजरचं काम बघा की!" नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजचा मॅनेजर ज्याने पाहिलाय, त्याला डीएचसीपी सर्व्हर वेगळा समजावून सांगायला नको. आला संगणक, दिला नंबर, लिहिले वहीत. मुदत अर्धी सरली की पाहुण्यानेच येऊन "अजून राहतो हं" म्हणायचे. मॅनेजर भेटलाच नाही, तर सात-अष्टमांश मुदत सरल्यावर जिन्यात उभे राहून "अहो, कोणी आहे का?" असा पुकारा करायचा. १९९७ सालच्या नियमावलीत हे चक्क लिहून ठेवलेय. एवढी शिस्त माणसांच्या लॉजात मी पाहिलेली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची रेघ केव्हाच मागे टाकली, महामार्ग शिरोलीजवळ पाण्यात गेला आणि एका पतसंस्थेचा तळमजल्यावरचा सर्व्हर माडीवर हलवावा लागला. हलवताना त्याने जी मान टाकली ती टाकलीच. मग राखीव सर्व्हर लावला. हा नवा मॅनेजर भलताच उत्साही, पण वही कोरी! त्याच्या लेखी अख्खा लॉज रिकामा. सत्तावन्न नंबरात रोखपालबाईंचा संगणक बिऱ्हाड करून होता. याने तोच नंबर साहेबांच्या लॅपटॉपला दिला. हुबळीकर आत अंघोळ करताहेत आणि सोलापूरकर ट्रंक घेऊन दारात! खोली देण्याआधी दार वाजवून बघायची रीत आहे म्हणे. पण बाईंच्या संगणकाला अनोळखी हाकेला ओ द्यायची नाही अशी शिकवण. चांगल्या घरचा असावा.

इथवर गंमत. पण बाहेर चिखलाच्या पायांनी माणसे उभी होती, पुरात भांडीकुंडी गेलेली, आपलेच पैसे मागायला आलेली. एका आजींनी खिडकीतून विचारले, "बाळा, माझं पैसं हाईत न्हवं?"

"आहेत आजी, संगणकाला खोली मिळंना!"

भाच्याने मेलेल्या सर्व्हरची डिस्क काढली, त्यातली नोंदींची साधी फाईल राखीव सर्व्हरवर उतरवली आणि साहेबांच्या लॅपटॉपला दुसरा नंबर घ्यायला लावला. वही कालची होती. पण कोरीपेक्षा कालची बरी, असे त्याचे म्हणणे. तासाभराने आजींनी नोटा दोनदा मोजल्या.

आता तिथले दोन्ही सर्व्हर रोज एकमेकांना वही दाखवतात. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा साहेबांचा भाच्याला पहिला फोन वहीसाठीच आला. छत्री आणू का, हे त्यांनी नंतर विचारले.