'किल्ला' दाखवायचा तर पत्र कुणाला लिहायचं?

गेल्या रविवारी माझ्या घरच्या टीव्हीसमोर सातवीतली सात पोरं बसवली आणि अविनाश अरुणचा 'किल्ला' लावला. खरं तर शाळेत दाखवायचा होता, सगळ्या वर्गाला. रीतसर परवानगी कुणाकडं मागायची, हे दोन आठवडे विचारत फिरलो. निर्मात्याला, वितरकाला की शिक्षण खात्याला? कुणालाच माहीत नाही. शेवटी म्हटलं, घरी या रे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील वारलेले, आई सरकारी नोकरीत. तिची बदली होते आणि तो पुणं सोडून कोकणातल्या छोट्या गावात येतो. मित्र होतात, तेच मित्र भर पावसात त्याला किल्ल्यावर एकटं सोडून निघून जातात. बस्स, एवढंच. मारामारी नाही, गाणी नाहीत. पहिला अर्धा तास पोरं चुळबुळत होती, खोटं कशाला बोलू. बंड्या आला तसे हसायला लागले. किल्ल्यावरच्या त्या प्रसंगाला मात्र चिडीचूप.

एक मुलगी आमच्याकडं जूनमध्ये आलीय, वडील बँकेत. शेवटी आईची पुन्हा बदली होते तेव्हा तिनं विचारलं, "सर, तो परत कधी गेला का तिकडं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. नंतर वाटलं, या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शकानं स्वतःच दिलंय, फक्त त्याला आठ वर्षं लागली. 'किल्ला' २०१५ला थिएटरात आला, त्याचा पुढचा सिनेमा 'थ्री ऑफ अस' २०२३ला. त्यातली शैलजा शाळेची काही वर्षं जिथं गेली त्या वेंगुर्ल्याला परत जाते, स्मृती पुसट होत चालली असताना. मला तो 'किल्ला'चाच दुसरा भाग वाटतो, वयानं मोठा झालेला. मधल्या काळात हा माणूस रिकामा नव्हता. 'मसान' आणि 'दृश्यम'चा कॅमेरा त्याचा, 'पाताल लोक'च्या दिग्दर्शनातही तो. पण स्वतःचा दुसरा सिनेमा यायला आठ वर्षं, तीही बर्लिनचं बक्षीस आणि राष्ट्रीय पुरस्कार गाठीशी असताना!

आणि बर्लिनचं ते बक्षीस कुणी दिलं माहितीय? २०१४च्या महोत्सवात 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर मिळाला तो मुलांच्या ज्युरीकडून. ११ ते १४ वर्षांची पोरं. म्हणजे कोकणातल्या पोराची गोष्ट तिकडच्या पोरांनी पाहिली, त्यावर वाद घातला, निवडली. माझ्या वर्गातल्या एकानंही तिचं नाव ऐकलं नव्हतं. 'शाळा' नाही, 'फँड्री' नाही. 'नाळ' दोघांनी मोबाईलवर, तोही अर्धवट. आमच्या तालुक्यातलं थिएटर पडून तिथं मंगल कार्यालय झालंय, मग पाहणार कुठं?

पूर्वी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी होती, १९५५पासून. तिचे सगळेच सिनेमे काही ग्रेट नव्हते, काही तर औषधासारखे. पण ती शाळांमधून सिनेमे दाखवायची. २०२२मध्ये ती एनएफडीसीत विलीन केली. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, चांगलंय, द्यावंच. पण जनतेच्या पैशातून अनुदान घेतलेला मुलांचा सिनेमा वर्षभरानं सरकारी शाळांना दाखवायला मोकळा करा, एवढी एक अट घालायला काय हरकत आहे? बहुतेक शाळांत आता टीव्ही नाहीतर प्रोजेक्टर आहे. आमच्याकडं तो प्रशिक्षणाचे व्हिडिओ दाखवायलाच निघतो.

निर्मात्याचं नुकसान होईल म्हणाल, तर थिएटरात जो सिनेमा आठवडाभरात उतरतो, त्याचं आणखी काय बुडणार आहे?

या क्षेत्रातलं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगा, पत्र कुणाला लिहू? वर्गात अजून एकतीस पोरं राहिलीत, आणि माझ्या घरात ती मावत नाहीत.