रोज रात्री नऊचा नकार

मी एक प्रेमकथा लिहितेय, हे ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. दिवसा पेमेंट ॲपचा बॅकएंड, रात्री दहानंतर कादंबरी. सांगाडा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चा घेतलाय, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. ती गोष्ट मुळात हातोहात फिरलेली आहे. व्हिलनव्ह नावाच्या फ्रेंच लेखिकेनं १७४० मध्ये ती कादंबरीएवढी लांबलचक लिहिली. १७५६ मध्ये बोमाँ नावाच्या दुसऱ्या फ्रेंच बाईंनी ती छाटून मोजक्या पानांत बसवली. आपल्याला माहीत असते ती जवळपास हीच.

बोमाँबाई लंडनमध्ये मोठ्या घरच्या मुलींना शिकवायच्या. अशा मुलींची लग्नं तेव्हा बहुधा घरचेच ठरवत. हे कळल्यावर गोष्ट वेगळीच वाटायला लागते. बाप एक गुलाब तोडतो, भरपाई म्हणून मुलगी अनोळखी, भीतीदायक पुरुषाच्या घरी जाते. शापबिप बाजूला ठेवा, आपल्याकडच्या कितीतरी आज्या अशाच सासरी गेल्यात.

पण मला धरून ठेवलं ते एका तपशिलानं. रोज रात्री जेवताना तो पशू तिच्याशी गप्पा मारतो आणि झोपायच्या आधी विचारतो, माझ्याशी लग्न करशील? ती नाही म्हणते. तो उसासा टाकून निघून जातो. असे तीन महिने! नकाराची शिक्षा नाही, जेवण बंद नाही, टोमणे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळात नऊ वाजतात. तिचं ‘नाही’ तिथं खरंच चालतं, म्हणून तर शेवटच्या ‘हो’ला किंमत येते. (व्हिलनव्हच्या मूळ गोष्टीत पशू लग्नाचं नाही, थेट शेजेचं विचारतो. बोमाँबाईंनी ते बदललं. विद्यार्थिनी लहान होत्या.)

माझी नायिका साताऱ्याची. बँकेनं वडिलांचे ट्रक ओढून नेल्यावर ती वाईजवळच्या एका वाड्यात जुन्या पुस्तकांची यादी करायला जाते. मालक तुसडा, चेहऱ्यावर भाजल्याचे व्रण. तिला पंधरा प्रकरणं नकार देऊ द्यायचा, असं मी ठरवलंय.

आई प्रकरणं वाचते. नवव्या प्रकरणानंतर म्हणाली, “हो कधी म्हणणार गं ती?” मी म्हटलं, “घाई काय आहे?” आई चष्मा पुसत म्हणाली, “मी तिच्याबद्दलच विचारतेय.” मी अठ्ठावीसची आहे. टेबलावर दोन बायोडेटा पडलेले होते.

बायोडेटावरून आठवलं. त्या गोष्टीतल्या दोन बहिणींचीही लग्नं होतात. एकीचा नवरा देखणा, पण स्वतःच्याच प्रेमात. दुसरीचा हुशार, पण ती हुशारी बायकोला छळण्यात खर्च करणारा. धाकटी हे पाहते आणि हिशोब मांडते की रूप नको, बुद्धी नको, चांगुलपणा हवा. परीकथेत इतका रोखठोक विचार मला अपेक्षित नव्हता. बायोडेटात मात्र चांगुलपणाला रकाना नसतो.

आपल्या श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीतही एक नावडती सून आहे. उष्टं खायला, गोठ्यात राहायला. देवाला मूठ वाहते, देऊळ सोन्याचं होतं, सासऱ्याचं पागोटं तिथं खुंटीवर राहतं आणि ती एकदम आवडती होते. लहानपणी मला ते फार आवडायचं. आता वाटतं, तिला कुणी विचारलं का, तुला हे घर आवडतं का? म्हणून माझ्या नायिकेला मी गोठ्यातून घेतलं आणि प्रश्न फ्रान्समधून आणला.

अडलंय ते शेवटाशी. मूळ गोष्टीत ती हो म्हणते आणि पशूचा राजपुत्र होतो. मला हा शेवट फसवणुकीचा वाटतो. जिच्या नजरेनं व्रण पाहायची सवय लावून घेतली, तिला गुळगुळीत चेहरा कशाला? प्लास्टिक सर्जरी मी करणार नाही, एवढं पक्कं. मग बदलतं काय? सध्या पंधराव्या प्रकरणात ती वडील आजारी म्हणून साताऱ्याला आलीय, आठवड्याच्या बोलीवर. आज दहावा दिवस. त्यानं एकही फोन केलेला नाही, आणि रात्री नऊ वाजता ती उगाच मोबाइल उलटा करून ठेवते.