डाग शाईचा, स्वभाव फरशीचा

डाग चांगले असतात, असं सांगणारी जाहिरात ज्याने कोणी लिहिली, त्याच्या घरात शाईची बाटली नक्कीच सांडली नसावी. कपड्यावरचा डाग म्हणजे फार तर एक शर्ट गेला. कपाटात मागे सरकवला की विषय संपला! फरशीचं तसं नसतं ना. ती रोज पायाखाली असते आणि रोज डोळ्यांसमोरही.

आमच्याकडे हे प्रकरण घडलं ते दिघोरीला. नागपुरात दिघोरी म्हटलं की लोक लगेच उमरेड रोडवरचा दिघोरी नाका सांगतात. आमची दिघोरी ती नव्हे. आमची भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली, धानाच्या बांध्यांमधली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की पावलं आमच्या घराकडे वळतात. ‘‘गुरुजी, तेवढा अर्ज लिहून द्या ना जी.’’ निराधार योजनेचा, फेरफाराचा, बँकेचा... बाबा सगळे अर्ज शाईच्या पेनाने लिहिणार. बॉलपेनने लिहिलेला अर्ज साहेब वाचत नाही, ही त्यांची लाडकी थिअरी!

मागच्या वर्षी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर, टेस्ट, गोळ्या, सगळं रीतसर सुरू झालं. आणि एका सकाळी पेनात शाई भरताना अख्खी बाटली हातातून सटकली. मधल्या खोलीतल्या कोटा फरशीवर निळं तळंच झालं. आई पोतेरं घेऊन धावली, पण पोतेऱ्याने डाग आणखीच पसरला. मग शेजारून सल्ला आला, संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओता. ओतलं. फस्सकन फेस आला. शाई होती तिथेच राहिली, फरशीचं पॉलिश मात्र ताटाएवढं उडालं. फोनवर आई रडकुंडीला आलेली. ‘‘इतकं घासलं बाई, पन जाऊनच नाही रायला.’’

शेवटी तिने त्यावर सतरंजी टाकली. पण खरी भानगड पुढेच होती. बाबांनी पेन ड्रॉवरमध्ये टाकलं आणि अर्जासाठी येणाऱ्यांना सांगायला लागले, ‘‘पोराकडून टाइप करून घ्या.’’ डाग सतरंजीखाली गेला तरी तो तिथे आहे, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मला डागापेक्षा त्या ड्रॉवरचं टेन्शन आलं. पुण्यातल्या दोन डेडलाइन्स उरकल्या आणि नागपूरची गाडी पकडली.

प्रवासात भरपूर वाचलं. एक फंडा क्लिअर झाला. शाई कुठली हे नंतर, आधी फरशी कुठली ते बघायचं. राजस्थानातला कोटा, कर्नाटकातल्या शहाबादची शहाबादी, हे दोन्ही चुनखडीचे दगड. मार्बलही त्याच खानदानातला. यांच्यावर अ‍ॅसिड पडलं की डाग नाही, दगडच विरघळतो. फस्सकन येतो तो फेस त्याचाच. लिंबू आणि व्हिनेगरही अ‍ॅसिडच बरं का! ‘घरगुती उपाय’ या लेबलवर जाऊ नका. आणि अ‍ॅसिडने जमलं नाही म्हणून त्यावर ब्लीच तर अजिबात ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. मग फरशी राहील बाजूला, डॉक्टर गाठावा लागेल.

फ्लॅटवाल्यांचं नशीब त्या मानाने चांगलं. विट्रिफाइड टाइल जवळजवळ काहीच शोषत नाही. बॉलपेन किंवा मार्करचा डाग असेल, तर २०२० मध्ये घराघरांत साठलेलं अल्कोहोलवालं सॅनिटायझर कापसावर घ्या आणि टिपा. डाग पसरू नये म्हणून कडेकडून मध्याकडे यायचं. टाइल्समधल्या फटी मात्र शाई पितात, तिथे जरा पेशन्स ठेवा. जुनी ब्ल्यू-ब्लॅक शाई वेगळीच, तिच्यात लोह असतं. ब्लीच लावलं तर निळेपणा जातो आणि गंजासारखा तपकिरी डाग मागे उरतो!

बाबांची शाई साधी निळी, पाण्यात विरघळणारी. पण ती दगडाच्या आत उतरलेली. अशी शाई घासून निघत नाही, ती वर ओढून घ्यावी लागते. त्यासाठी लेप लावायचा. पांढऱ्या खडूची बारीक पूड आणि मेडिकलमधलं स्पिरिट, इडलीच्या पिठाइतकं घट्ट. आधी एका कोपऱ्यात थोडं लावून बघायचं. मग डागावर बोटभर थर, वर प्लास्टिक, कडांना टेप. चोवीस तासांनी प्लास्टिक काढायचं आणि लेप पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो आतला रंग वर खेचतो. स्पिरिट पेट घेतं, म्हणून गॅस, दिवा, उदबत्ती लांब आणि खिडक्या उघड्या.

खडूंना आमच्याकडे काय तोटा! बाबांच्या जुन्या पेटीत उरलेले निघाले. मी कुटायला बसले, तर बाबांनी खलबत्ता ओढून घेतला. थरथरत्या हाताला कुटण्यात काहीच अडचण आली नाही. कुटता कुटता त्यांच्या लहानपणीची शाईची वडी निघाली. पाण्यात टाकली की दौत तयार. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये ‘हॉर्स ब्रँड’ नावाने शाईची पूड आणि वड्याच विकायला सुरुवात केली होती, कॅम्लिनचा जन्म तिथला. ‘‘तेव्हा नाही का सांडायची?’’ मी विचारलं. ‘‘रोज सांडायची. पन जमीन शेणानं सारवलेली. पुढच्या सारवणात डाग गायब,’’ बाबा म्हणाले. मग जरा थांबून, ‘‘आता फरशी पक्की झाली, तर डागबी पक्के झाले.’’

पहिला लेप खरवडला तेव्हा खालची पूड फिकट निळी निघाली होती. आई एवढी खूश झाली की ती पूड शेजारी दाखवून आली! असे चार लेप झाले. डाग गेला म्हणणार नाही. माहीत असलेल्या माणसाला अजून दिसतो, पाहुण्याला दिसत नाही. अ‍ॅसिडने उडालेलं पॉलिश मात्र कुठल्याच लेपाने परत येत नाही, त्याला मशीनवालाच लागतो. बाबा म्हणाले, राहू दे. सतरंजी तेवढी उचलली गेली.

मी निघायच्या आदल्या दिवशी एक आजी आल्या, पेन्शन अडकली म्हणून. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. शाई आता स्टीलच्या परातीत बाटली ठेवून भरली जाते, हे आईचं संशोधन. अर्जाला पाऊण तास लागला. अक्षर पार वाकडंतिकडं, पण सही ठळक. साहेबाने तो वाचला का, ते अजून कळलेलं नाही.